एक इंच म्हणजे सहा फूट

७ डिसेंबर १९४१ च्या रात्री नऊच्या सुमारास सहा वाइल्डकॅट लढाऊ विमाने पर्ल हार्बरमधल्या फोर्ड बेटाच्या धावपट्टीकडे वळली. सकाळचा जपानी हल्ला होऊन बारा तास उलटले होते, बंदर अजून जळत होते. विमाने अमेरिकेच्याच ‘एंटरप्राइझ’ या विमानवाहू जहाजावरची होती आणि ती येणार असल्याचा निरोप खाली फिरला होता. तरीही कुठून तरी एक बंदूक सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ किनाऱ्यावरच्या व जहाजांवरच्या तोफा धडधडू लागल्या. सहांपैकी दोनच विमाने बेटावर टेकली. फ्रिट्झ हेबेल, हर्बर्ट मेंगेस आणि एरिक ॲलन हे तीन वैमानिक या स्वकीयांच्या माऱ्यापायी प्राणाला मुकले.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४२ मध्ये, अमेरिकेचे नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांनी देशातल्या शाळांकडे एक मागणी केली. विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती हव्यात. पन्नास प्रकारची विमाने, प्रत्येक प्रकाराच्या दहा हजार. मित्रांची विमाने आणि शत्रूचीही. माध्यमिक शाळांतल्या मुलांनी त्या आपल्या कर्मशाळेत कोराव्यात, रंगवाव्यात आणि नौदलाकडे पाठवाव्यात. तोफेवर बसणाऱ्या खलाशाला आणि आकाशात नजर लावून बसलेल्या टेहळ्याला आपले विमान कोणते आणि परके कोणते हे शिकवण्यासाठी त्या वापरायच्या होत्या.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की पहिलीतून दुसरी जन्मली असे सांगण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. फोर्ड बेटावर तेव्हा अंधार होता. त्या तोफच्यांनी शंभर प्रतिकृती हाताळल्या असत्या, तरी रात्री दिवे लावून येणाऱ्या विमानाचा आकार त्यांना दिसला नसता. शिवाय आपलाच माणूस आपल्याच गोळीने मरण्याचे दुखणे त्याहून जुने होते. ब्रिटनने युद्ध पुकारल्यावर तिसऱ्याच दिवशी, ६ सप्टेंबर १९३९ रोजी, भर सकाळी ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी ब्रिटिश हरिकेन विमानांवर झडप घातली आणि दोन पाडली. माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक त्यात मेला. बार्किंग क्रीकची लढाई या नावाने ती घटना लष्करी इतिहासात राहिली. त्या सकाळी उजेड होता, आकार दिसत होते. ओळखणारी नजर तयार नव्हती. विमान ओळखायला शिकवणारे ‘द एरोप्लेन स्पॉटर’ हे नियतकालिक लंडनमधून २ जानेवारी १९४१ पासून निघू लागले, म्हणजे पर्ल हार्बरच्या अकरा महिने आधी. नॉक्स यांची मागणी या लांबलेल्या प्रश्नाच्या रांगेतली होती. अमेरिकेपुरती तिची निकड पर्ल हार्बरने वाढवली, इतकेच कागदांवरून म्हणता येते.

त्या योजनेचे चार प्रकारचे अवशेष आज उरले आहेत. सरकारी आवाहने आणि वृत्तपत्रांतल्या बातम्या, शाळांना पाठवलेले आराखडे, छायाचित्रे, आणि प्रत्यक्ष प्रतिकृती. यांतला शेवटचा प्रकार इतिहासकारांनी फारसा हाताळलेला नाही. तो संग्राहकांच्या कपाटात आणि संग्रहालयांच्या खणांत पडून आहे. माझ्या मते तोच सर्वांत बोलका आहे, पण त्याला योग्य प्रश्न विचारावे लागतात. लाकडाच्या त्या तुकड्याला मूळ विमान कसे होते हे विचारण्यात अर्थ नाही. त्यासाठी विमानाचीच मापे उपलब्ध आहेत. १९४२ च्या वसंतात अमेरिकेला त्या विमानाविषयी काय ठाऊक होते, हे मात्र त्याच्याइतके नेमके दुसरा कोणताही कागद सांगत नाही.

आधी प्रमाण पाहू. नौदलाने ठरवले होते की विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीचा एक इंच; म्हणजे बहात्तरास एक. हे प्रमाण नौदलाने शोधून काढलेले नव्हे. ब्रिटनमध्ये १९३२ साली जेम्स हे स्टीव्हन्स यांनी रचलेले ‘स्कायबर्ड्‌स’ हे लाकडी संच याच प्रमाणात होते, आणि १९३६ पासून ‘फ्रॉग पेंग्विन’ हे प्लॅस्टिकचे संचही याच प्रमाणात निघाले. सहा फुटी माणूस त्या जगात बरोबर एक इंचाचा होतो, ही त्याची सोय. छंद म्हणून चाललेली ही मोजणी नौदलाने उचलली, कारण तोफेच्या नेमाला ती चपखल बसत होती.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. प्रतिकृती पस्तीस फुटांवर टांगली की पाहणाऱ्याच्या डोळ्यात ती जो कोन करते, तोच कोन खरे विमान २,५२० फुटांवर असताना करते. म्हणजे जवळजवळ अर्धा मैल. पस्तीस फूट ही शाळेच्या मोठ्या खोलीची लांबी. वाइल्डकॅटच्या पंखांचा विस्तार ३८ फूट, म्हणजे ११.५८ मीटर, प्रतिकृतीत तो १६१ मिलिमीटर होतो. वर्गाच्या एका टोकाला हे १६१ मिलिमीटरचे विमान टांगायचे, दुसऱ्या टोकाला तोफेची कडीदार नेमपट्टी ठेवायची आणि विमान कडीचा किती भाग व्यापते ते खलाशाला दाखवायचे. हा अर्धा मैल, आता पुढे सरक, हा पाव मैल. खऱ्या विमानाचे इंधन न जाळता अंतराचा अंदाज शिकवता येत होता. प्रतिकृतीचे माप चुकले तर अंदाजही चुकणार, म्हणून ती नुसती देखणी असून भागणारे नव्हते.

कामाची पद्धत आराखड्यांवरून आणि प्रतिकृतींवरून स्पष्ट दिसते. पाइनसारखे मऊ लाकूड घ्यायचे. धडाच्या ठोकळ्यावर बाजूची आकृती उतरवून करवतीने कापायची, मग वरची. या दोन कापांनंतर हातात चौकोनी छेदाचे, ओबडधोबड विमान येते. त्याचे कोपरे पटाशीने आणि कानशीने घालवत न्यायचे. किती घालवायचे हे सांगायला पुठ्ठ्याचे साचे असत: नाकाशी हा छेद, वैमानिकाच्या काचेशी हा, शेपटीजवळ हा. साचा धडावर आडवा लावायचा. मधून उजेड दिसला तर लाकूड जास्त गेले, साचा बसला नाही तर अजून घासायचे. पंख वेगळे घडवायचे, धडाजवळ जाड आणि टोकाकडे पातळ, समोरची धार गोल आणि मागची निमुळती. मग सरसाने सांधायचे आणि दोन्ही पंखांचा वर उचललेला कोन सारखा आला का ते समोरून पाहायचे. सांध्यात लांबी भरायची, कारण खऱ्या विमानात पंख आणि धड यांच्यामध्ये तीक्ष्ण कोपरा नसतो, एक वळण असते. पंखा लावायचा नाही, तो फिरताना दिसतच नाही. चाके पोटात घेतलेली, कारण ज्याला ओळखायचे ते विमान उडत असते.

सुतारकाम जाणणाऱ्या कुणालाही यातली अवघड जागा लगेच कळेल. मागची धार. मऊ लाकूड एक मिलिमीटरपेक्षा पातळ केले की ते तुटते, जाड ठेवले तर पंख ठोकळ्यासारखा दिसतो. आणि इथला एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानातले ७२ मिलिमीटर, चार बोटांची रुंदी. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांकडून, तेही हजारोंच्या संख्येने, नौदल ही अचूकता मागत होते आणि तपासून घेत होते. पास झालेल्या मुलांना नौदलाच्या हुद्द्यांच्या धर्तीवर प्रमाणपत्रे मिळत. शाळेतल्या मुलाचे हातकाम देशाने इतक्या गंभीरपणे घेतल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि या कहाणीतला हा भाग मला मनापासून आवडतो.

सगळ्यात शेवटी रंग. सगळी विमाने काळी.

आज वाइल्डकॅटची प्रतिकृती करणारा माणूस रंगावर महिने घालवतो, आणि ते योग्यच आहे. १९४२ च्या पहिल्या सहामाहीत अमेरिकी नौदलाची विमाने वरून निळसर करडी आणि खालून फिकट करडी, दोन्ही रंग चमक नसलेले. पंखावर निळ्या वर्तुळात पांढरा तारा आणि ताऱ्याच्या मध्यभागी लाल ठिपका. जानेवारी १९४२ मध्ये शेपटीच्या सुकाणूवर लाल-पांढरे पट्टे आले, मे महिन्यात ते गेले. ताऱ्यातला लाल ठिपकाही त्याच वेळी गेला, कारण लांबून तो जपानच्या लाल सूर्यबिंबासारखा दिसे. म्हणून ४ ते ८ मे दरम्यान कोरल समुद्रात लढलेल्या वाइल्डकॅटवर ठिपका आणि पट्टे दोन्ही हवेत, आणि ४ जूनला मिडवेपाशी लढलेल्यावर दोन्ही नकोत. चार आठवड्यांचा फरक, पण रंगवणाऱ्याने तो पाळला नाही तर प्रतिकृती खोटी ठरते. त्याच कारणाने १९४३ मध्ये भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या ब्रिटिश व भारतीय विमानांवरूनही लाल रंग हद्दपार झाला. १९४४ साली इंफाळच्या वेढ्यात स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या पहिल्या तुकडीने जी हरिकेन विमाने उडवली, त्यांच्यावरचे वर्तुळ निळ्याच्या दोन छटांचे होते, आत लाल बुंदका नव्हता. भारतीय हवाई दलाच्या विमानांची प्रतिकृती करणाऱ्या आपल्याकडच्या हौशी मंडळींनी हे ध्यानात ठेवायला हवे, कारण संचासोबत येणारी चिन्हे बहुधा युरोपातल्या विमानांची असतात.

शाळांच्या प्रतिकृतींवर यातले काहीच नव्हते. आकाशाच्या उजेडासमोर विमान काळी आकृती म्हणून दिसते. रंग कळेपर्यंत ते फार जवळ आलेले असते. शिवाय रंगावर विसंबायला शिकवलेला तोफची, रंग बदलला की फसतो. मे १९४२ मध्ये तसे झालेच असते. प्रतिकृती काळ्या असल्यामुळे त्या बदलाने एकही बाद झाली नाही. हा निर्णय ज्याने घेतला त्याने पुढचा विचार केला होता. कोरणाऱ्या मुलाच्या दृष्टीने मात्र काळा रंग निर्दय होता. चमक नसलेला काळा थर लाकडावरची प्रत्येक खाच, कानशीची प्रत्येक रेघ आणि लांबीतला प्रत्येक बुडबुडा उघडा पाडतो. आणि थर जाड लागला तर कष्टाने पातळ केलेली धार पुन्हा बोथट होते.

आता त्या आराखड्यांकडे येऊ, कारण या इतिहासातला खरा पेच तिथे आहे.

जानेवारी १९४२ मध्ये जपानच्या झीरो विमानाचे आराखडे कशावरून काढायचे? पर्ल हार्बरच्या हल्ल्यात जपानची नऊ झीरो विमाने नष्ट झाली होती. त्यांतली काही जमिनीवर आदळली आणि त्यांच्या अवशेषांची मोजणी झाली. फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला मेल्व्हिल बेटावर आणखी एक उतरले. पण हे सगळे मोडके होते. वाकलेल्या पत्र्यावरून पंखाची लांबी काढता येते, टोकाची नेमकी गोलाई काढणे अवघड. जवळजवळ अखंड झीरो अमेरिकेच्या हाती लागले ते त्या वर्षीच्या जुलैत. ४ जूनला अल्यूशन बेटांवर हल्ला करताना तादायोशी कोगा या वैमानिकाचे विमान जखमी झाले. अकुतान बेटावरच्या दलदलीत उतरताना ते उलटले आणि कोगा मेला. १० जुलैला एका गस्ती विमानाने ते पाहिले. ते सान दिएगोला आणून दुरुस्त केले आणि २० सप्टेंबरला अमेरिकी वैमानिक एडी सँडर्स यांनी ते उडवले. म्हणजे मुले झीरो कोरत होती त्या शैक्षणिक सत्रात अमेरिकेतल्या कुणीही धड झीरोला हात लावलेला नव्हता. त्या सत्रातल्या लाकडी झीरोवर माप चुकलेले आढळले, तर तो दोष मुलाच्या कानशीवर ढकलण्याआधी आराखडा पाहिला पाहिजे.

झीरो आणि वाइल्डकॅट यांच्या मापांत आणखी एक अडचण होती. झीरोच्या पंखांचा विस्तार १२ मीटर, प्रतिकृतीत १६७ मिलिमीटर. वाइल्डकॅटपेक्षा जेमतेम सहा मिलिमीटर जास्त. पस्तीस फुटांवरून सहा मिलिमीटर पटकन नजरेत भरत नाहीत. दोन्ही विमानांना एकेकच इंजिन, दोन्हींचे नाक गोल. मग वेगळेपण उरते ते दोन ठिकाणी: वाइल्डकॅटचे पंख धडाच्या मध्यावर जोडलेले आणि टोकांशी कापल्यासारखे चौकोनी, झीरोचे पंख पोटाशी जोडलेले आणि टोकांशी गोलाकार. तोफच्याला हेच शिकवायचे: गोल टोक परके, चौकोनी टोक आपले.

आणि मग जपानने झीरोची टोके कापली. नव्या नमुन्यात पंखांची दुमडती गोल टोके काढून विस्तार ११ मीटरवर आणला, टोके चौकोनी झाली. १९४२ च्या उत्तरार्धात हे विमान दक्षिण पॅसिफिकमध्ये दिसू लागले तेव्हा मित्रराष्ट्रांना ते वेगळेच विमान वाटले. त्याला ‘हॅप’ असे सांकेतिक नाव दिले गेले; अमेरिकी हवाई दलाचे प्रमुख जनरल आर्नल्ड यांचे टोपणनाव तेच असल्याने ते बदलून ‘हॅम्प’ केले. पुढे ते झीरोचेच भावंड असल्याचे उमगले. प्रतिकृतीत या बदलाचे माप १४ मिलिमीटर. वसंतात पुठ्ठ्याच्या साच्याला काटेकोर बसणारे, तपासनिसाने पसंत केलेले गोल टोकांचे झीरो वर्ष संपेपर्यंत अर्धे उत्तर झाले होते. आता चौकोनी टोक म्हणजे आपले विमान, हा धडा जिवावर बेतणारा होता.

याहून विलक्षण प्रकार जर्मनीच्या बाजूला घडला. १९४० मध्ये जर्मनीने ‘हाइन्केल ११३’ या नव्या लढाऊ विमानाची छायाचित्रे प्रसिद्ध केली. रांगेने उभी विमाने, तुकड्यांची चिन्हे रंगवलेली. असे कोणतेही विमान आघाडीवर नव्हते. छायाचित्रांतली विमाने ‘हाइन्केल १००’ या प्रकारची होती. या रचनेच्या एका विमानाने मार्च १९३९ मध्ये ताशी ७४६ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला होता, पण लढाऊ विमान म्हणून ती बनली जेमतेम डझनभर आणि हवाई दलाने ती स्वीकारली नाहीत. त्यांनाच खोटी चिन्हे रंगवून, पुन्हा पुसून, दुसरी रंगवून ही चित्रे काढली गेली. ब्रिटिश वैमानिक आपल्या अहवालांत ‘११३’ शी झुंज झाल्याचे लिहू लागले. मित्रराष्ट्रांच्या ओळख-पुस्तिकांत त्याची तीन बाजूंची आकृती छापली गेली. इथे रंगाने केवढे काम केले पाहा: पत्र्यावर लावलेल्या दोन हात रंगाने शत्रूच्या कागदपत्रांत एक अख्खे विमान जन्माला घातले. वैमानिकांचे अहवाल समकालीन आहेत, प्रत्यक्षदर्शी आहेत, प्रामाणिक आहेत, आणि तरीही त्यांत वर्णिलेले विमान आकाशात नव्हते. समकालीन साधन म्हणजे विश्वसनीय साधन, ही आपली सवयीची पायरी इथे निसटते.

छायाचित्रांत एक संच मला सर्वांत मोलाचा वाटतो. अमेरिकी सरकारच्या ‘फार्म सिक्युरिटी’ खात्याच्या छायाचित्रकार मार्जरी कॉलिन्स यांनी तो मार्च १९४२ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या आर्मस्ट्राँग टेक्निकल हायस्कूलमध्ये टिपला आणि तो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन झाला आहे. नौदलासाठी विमानांच्या प्रतिकृती बनवणे चालू आहे, असे त्याचा मथळा सांगतो. मथळा एवढेच सांगतो. शाळेचे नाव माहीत असलेल्याला पुढचे कळते: १९०२ साली सुरू झालेली आर्मस्ट्राँग ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा होती. राजधानीत गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा कायद्याने वेगळ्या होत्या, आणि त्या १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत तशाच राहिल्या. जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन याच शाळेत शिकले.

या छायाचित्रांशेजारी त्याच महिन्यांचे नौदलाचे कागद ठेवायला हवेत. मार्च १९४२ मध्ये कृष्णवर्णीय माणूस नौदलात भरती होऊ शके तो अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात वाढपी आणि सेवक म्हणूनच. पर्ल हार्बरच्या सकाळी ‘वेस्ट व्हर्जिनिया’ या युद्धनौकेवर डोरी मिलर नावाच्या अशाच एका भोजनसेवकाने, कधी शिकवलेली नसलेली विमानविरोधी मशीनगन हाती घेऊन जपानी विमानांवर मारा केला. त्याचे नाव जगाला कळले तेही त्याच मार्चमध्ये, ‘पिट्सबर्ग कूरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रामुळे. ७ एप्रिलला नौदलाने जाहीर केले की १ जूनपासून कृष्णवर्णीयांना इतर कामांवरही घेतले जाईल. २७ मे रोजी ॲडमिरल निमिट्झ यांनी मिलरच्या छातीवर ‘नेव्ही क्रॉस’ लावला. तो समारंभ ‘एंटरप्राइझ’च्या डेकवर झाला, ज्या जहाजाची वाइल्डकॅट विमाने त्या डिसेंबरच्या रात्री आपल्याच तोफांपुढे आली होती.

आर्मस्ट्राँगची मुले कोरत होती ती विमाने पाहून ज्यांनी तोफा चालवायला शिकायचे, त्या खलाशांत बसण्याची परवानगी त्या मुलांना त्या महिन्यात नव्हती. खरे लढाऊ विमान उडवणे तर दूरच. नौदलाचे वैमानिक-प्रशिक्षण पूर्ण करून पंखांचे पदक मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय, जेसी ब्राउन, ऑक्टोबर १९४८ मध्ये पुढे आले. पाच लाखांच्या आकड्यात या शाळेचे काम इतर शाळांच्या कामात मिसळून गेले. काळ्या रंगाच्या प्रतिकृतीवरून ती कोणत्या शाळेत कोरली गेली हे कळत नाही. छायाचित्रे नसती तर या मुलांचा वाटा सिद्ध करायला एक मथळाही मिळाला नसता, आणि म्हणून या छायाचित्रांचे वजन मी सरकारी आवाहनांपेक्षा जास्त धरतो.

शाळांच्या लाकडाला लवकरच दोन बाजूंनी पर्याय आले. शिकागोच्या क्रूव्हर कंपनीने १९४२ पासून त्याच प्रमाणातल्या प्रतिकृती सेल्युलोज ॲसिटेटच्या साच्यातून काढायला सुरुवात केली. त्यांच्या पोटाशी विमानाचे नाव आणि महिना-वर्ष उठवलेले असते. तपासनिसाची गरज संपली, कारण साच्यातला प्रत्येक नग सारखाच. दुसरीकडे ओहायो राज्य विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल रेनशॉ यांनी शिकवण्याची रीतच बदलली. तोवर पंख, इंजिन, धड, शेपूट असे अवयव क्रमाने पाहायला शिकवत. रेनशॉ पडद्यावर विमानाची आकृती सेकंदाच्या शंभराव्या भागापुरती झळकवत आणि अख्खा आकार एकदम पकडायला लावत. अवयव मोजण्याइतका वेळ तोफेवर नसतो, हा त्यांचा मुद्दा रास्त होता. पण एक गोष्ट मला इथे नोंदवावीशी वाटते. साचा लावून लावून एकच झीरो आठवडेभर घासणाऱ्या मुलाच्या बोटांना ते विमान जसे कळत असेल, तसे ते पडद्यावर कुणालाच कळणार नाही. नौदलाने प्रतिकृती मागितल्या खलाशांसाठी. ओळख सगळ्यात पक्की झाली असेल ती कोरणाऱ्यांची, आणि त्यांतले कितीतरी जण पुढच्या दोन-तीन वर्षांत गणवेशात जाण्याच्या वयाचे होते.

युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात सेनापतींनी उलट बाजूने उपाय केला. ११ जुलै १९४३ च्या रात्री सिसिलीवर छत्रीधारी सैनिक घेऊन येणाऱ्या १४४ अमेरिकी वाहतूक विमानांपैकी २३ विमाने आपल्याच जहाजांच्या आणि जमिनीवरच्या तोफांनी पाडली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याआधी, १८ एप्रिल १९४४ च्या आदेशाने, खऱ्या विमानांच्या पंखांवर आणि धडावर पांढरे-काळे पट्टे रंगवायचे ठरले. एक इंजिनाच्या विमानाला अठरा इंच रुंदीचे पाच पट्टे, तीन पांढरे आणि दोन काळे. गुप्तता राखण्यासाठी ते जूनच्या पहिल्या दिवसांत, उतरण्याच्या तोंडावर, मिळेल त्या ब्रशने घाईघाईत मारले गेले. म्हणून त्या काळच्या छायाचित्रांत पुष्कळ पट्टे वाकडे आहेत, त्यांच्या कडा फाटलेल्या आहेत. बहात्तरास एक या प्रमाणात अठरा इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. चिकटपट्टी लावून काढलेले सरळसोट पट्टे नीटनेटके दिसतात, पण ५ जून १९४४ च्या घाईचा पुरावा त्यांत राहत नाही. असे विमान रंगवणाऱ्याने हाताने मारलेली कड पत्करावी.

युद्ध संपल्यावर बहात्तरास एक हे प्रमाण पुन्हा छंदाकडे परतले आणि १९५० च्या दशकात ‘एअरफिक्स’सारख्या कंपन्यांच्या प्लॅस्टिक संचांतून जगभर पसरले. नौदलाच्या गोदामांतल्या काळ्या प्रतिकृती विखुरल्या. ॲसिटेटच्या प्रतिकृती वर्षांनुवर्षांत आक्रसतात, त्यांचे पंख पिळले जातात. त्यांच्यावरून आज माप घेणे धोक्याचे आहे. लाकडाच्या त्या मानाने टिकल्या. त्यांना आता दुसरा धोका आहे. जुनी प्रतिकृती बाजारात येते, घेणारा ती घासून काळा थर काढतो, सांध्यांत नवी लांबी भरतो, गोल टोके आजच्या पुस्तकाबरहुकूम करतो आणि वर करडा रंग व लाल सूर्यबिंब चढवतो. झीरो अधिक अचूक होते आणि १९४२ चे साधन नाहीसे होते.

अशी लाकडी प्रतिकृती हाती आली तर आधी ती पालथी करून पोटाशी काही लिहिले आहे का ते पाहावे, मग पंखांचा विस्तार मिलिमीटरमध्ये मोजून ७२ ने गुणावा. येणारा आकडा आधी १९४२ च्या आराखड्याशी ताडावा आणि मगच खऱ्या विमानाच्या मापाशी. पहिल्याशी जुळला आणि दुसऱ्याशी जुळला नाही, तर ती प्रतिकृती जशी आहे तशीच ठेवावी.